दौऱ्यावरचा वाढदिवस

प्रिय ताई,

मी एका कंपनीच्या अंतर्गत ऑडिट विभागात आहे. महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असते. आज हा कारखाना, उद्या ते गोडाऊन. पुढच्या महिन्यात मला चाळीस पूर्ण होतात आणि तो दिवस नेमका दोन आठवड्यांच्या दौऱ्याच्या मधोमध, बुधवारी येतोय. नवरा म्हणतो, "तू आल्यावर करू की." नऊ वर्षांची लेक रुसून बसलीय. सोबत टीममधले दोघे आहेत, पण त्यांना तारीख माहीत नाही आणि आपण होऊन सांगायला मला कसंसंच वाटतं. या वयात वाढदिवसाचं एवढं काय, असं मीच मला दटावते. पण त्या रात्री हॉटेलच्या खोलीत एकटी बसलेली मी डोळ्यांसमोर येते आणि घसा दाटून येतो. पूर्वी मला दौरे खरंच आवडायचे. नवं गाव, नवी माणसं. आता नुसतं गाडी, गेट, फायली, खोली, लॅपटॉप. त्या दिवशी काय करू? आणि ती जुनी मजा परत कशी आणू? कृपा करून "स्वतःवर प्रेम करा" असं सांगू नका.

— सुटकेसवाली

प्रिय सुटकेसवाली,

नाही सांगत. तुझ्याहून बरीच मोठी आहे, म्हणून "तू" म्हणतेय, तेवढं चालवून घे.

आधी ते दटावणं थांबव. लहानपणी आपला वाढदिवस दुसरे कुणीतरी लक्षात ठेवतात, दुसरेच साजरा करतात, आपण फक्त नवे कपडे घालून मिरवायचं असतं. मोठेपणी ती सगळी व्यवस्था आपल्याच गळ्यात पडते आणि वर "मला काही हौस नाही बाई" असं म्हणायची रीतही पाळावी लागते. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाला वाढदिवसाचं वाटत नसतं, असं मुळीच नाही. वाटतं, फक्त बोलत नाहीत.

तुझ्या पत्रात मला खरी दुखरी जागा दुसरीच दिसली. तू लिहिलंस, "टीमला तारीख माहीत नाही." घरी तू आई आहेस, बायको आहेस, कुणाची मैत्रीण आहेस, शेजारीण आहेस. दौऱ्यावर यातलं काहीच सोबत येत नाही. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव, कंपनी आणि कामाचं कारण लिहिलं की पुढचे चार दिवस तू फक्त "ऑडिटवाल्या मॅडम". लोक अदबीने वागतात, खुर्ची देतात, पंखा लावतात, आणि तू खोलीबाहेर पडलीस की हुश्श करतात. एरवी ते खपून जातं. पण ज्या दिवशी आपण जन्माला आलो त्या दिवशीसुद्धा आपण नुसतं पदच असावं, हे बोचतं. केकचा किंवा फुग्यांचा यात काही संबंध नाही. म्हणून मी तुला जे जे सुचवणार आहे, ते एवढ्यासाठीच की त्या बुधवारी आणि इतर दिवशीही थोडा वेळ तरी तू पदाच्या बाहेर असावीस.

पहिलं काम म्हणजे सांगणं. कसंसं वाटतं ते वाटू दे, तरी सांग. कुणीतरी आपण होऊन ओळखावं, अशी वाट बघत राहिलीस तर बुधवारी रात्री तुला त्या दोघांचाही राग येईल, आणि बिचाऱ्यांना तो कशाचा हे कळणारही नाही. आदल्या सोमवारीच गाडीत बसता बसता म्हण, "बुधवारी माझा वाढदिवस आहे. साडेसहाला काम बंद करू आणि तिघं कुठेतरी नीट बसून जेवू. लॅपटॉप खोलीतच ठेवायचे." बस, एवढंच. त्यात "काही विशेष नाही हं" किंवा "तुम्हाला जमलं तर" ही शेपटं जोडायची नाहीत. माणसं अशा वेळी खूश होतात. त्यांनाही रोज रात्री आपापल्या खोलीत मोबाइल बघत जेवायचा कंटाळा आलेला असतो, कुणीतरी पहिलं म्हणायला हवं असतं.

पण ज्या कारखान्याचं ऑडिट चाललंय, तिथे मात्र सांगू नकोस. तुला हे मी काय सांगावं, पण वाढदिवसाच्या दिवशी माणूस जरा हळवा असतो म्हणून सांगते. दुपारी स्टोअरच्या हिशेबातली तफावत विचारायची आणि चार वाजता त्याच स्टोअरप्रमुखाने आणलेला केक कापायचा, हे चित्र चांगलं दिसत नाही. नंतर शेरा कडक लिहिलास तरी लोक बोलणार आणि सौम्य लिहिलास तरी बोलणार. कुठून तरी कळलंच त्यांना, तर तोंडभरून "थँक्यू" म्हण आणि भेटवस्तू आली तर तुमच्या कंपनीचा जो नियम असेल तो पाळ.

आता नवऱ्याचं "आल्यावर करू की". तो वाईट हेतूने म्हणत नाही, मला माहीत आहे. पण "आल्यावर" ही काही तारीख नाही. तू येशील तेव्हा धुणं असेल, लेकीची परीक्षा असेल, तुझा रिपोर्ट अर्धवट असेल, आणि मग तो वाढदिवस पुढे पुढे ढकलला जात विरून जाईल. त्याच्याकडून वार आणि वेळ घे. रविवार, सकाळी अकरा. घरातल्या कॅलेंडरवर लिहायला लाव, त्याच्याच अक्षरात.

आणि पुढे ढकललेला वाढदिवस दुय्यम असतो, हे डोक्यातून काढून टाक. ब्रिटनच्या राजाचा वाढदिवस वर्षातून दोनदा येतो. सध्याच्या तिसऱ्या चार्ल्सचा जन्म १४ नोव्हेंबरचा, पण सरकारी थाटाचं संचलन होतं जूनमध्ये. ही प्रथा रुळली त्यांच्या खापरपणजोबांच्या, सातव्या एडवर्डच्या काळात. त्यांचाही जन्म नोव्हेंबरचाच, ९ तारखेचा. तिथल्या थंडीपावसात संचलन कोण बघणार, म्हणून त्यांनी सोहळा सरळ उन्हाळ्यात नेला. राजाला हवेचं कारण चालतं, तर तुला दौऱ्याचं का चालू नये?

याहून गमतीची गोष्ट सामोआ बेटावरची आहे. १८९१ साली तिथे राहणाऱ्या एका स्कॉटिश लेखकाला कळलं की ओळखीतल्या एका मुलीचा जन्म नेमका नाताळच्या दिवशीचा, त्यामुळे तिला वेगळा वाढदिवस असा मिळतच नाही. हा गृहस्थ वकिलीही शिकलेला. त्याने रीतसर कायदेशीर भाषेत दस्त केला आणि स्वतःचा १३ नोव्हेंबर हा वाढदिवस तिला देऊन टाकला. त्याच सामोआने २०११ साली घड्याळ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे नेलं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून. गुरुवारी २९ डिसेंबरला लोक झोपले ते शनिवारी ३१ डिसेंबरला उठले. शुक्रवार उगवलाच नाही. ३० डिसेंबरला जन्मलेल्यांचा त्या वर्षीचा वाढदिवस तिथे कॅलेंडरवरच नव्हता, तरी एक वर्षाने मोठे तेही झालेच. तारखेचं इतकं मनावर घेऊ नये ते यासाठी.

थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली सुट्टीवर जाणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी राहणाऱ्यांपेक्षा हे लोक जास्त आनंदी दिसले ते सुट्टीच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत तो फरक उरला नव्हता. म्हणजे मजेचा मोठा वाटा वाट बघण्यातच असतो. पण वाट बघायला दिवस ठरलेला लागतो, म्हणून ते रविवार, सकाळी अकरा.

लेकीचं मात्र निराळं आहे. तिला समजावू नकोस. नऊ वर्षांच्या मुलांना समजूत नको असते, काम हवं असतं. तू लोकांच्या चेकलिस्ट घेऊन फिरतेस ना? तिला सांग, यंदा आईच्या वाढदिवसाचं ऑडिट तू करायचंस. बुधवारी आईने काय काय शोधायचं याची यादी तिने स्वतःच्या हाताने लिहायची आणि तू निघायच्या आधी तुला द्यायची. त्यात ती काय लिहील याचा नेम नाही. "एक मांजर." "शुद्धलेखन चुकलेली पाटी." "कुणाचे तरी विचित्र बूट." "लाल दार." तू दिवसभरात ते शोधायचं, जमेल तसा फोटो काढायचा (कारखान्याच्या आवारात नाही, ते तुला ठाऊक आहे) आणि रात्री तिच्यापुढे हजर व्हायचं. सापडलं नाही तर कारण द्यायचं, आणि तिला ते पटलं नाही तर आक्षेप नोंदवायचा तिला पूर्ण अधिकार. इतकी वर्षं तू लोकांना जाब विचारतेस, एक दिवस देऊन बघ.

व्हिडिओ कॉलवर केक कापणं मात्र मला पसंत नाही. घरचे सगळे छोट्या चौकोनात दाटीने उभे, नेमकी मेणबत्ती विझवायच्या वेळी चित्र अडकतं, मग "ऐकू येतंय का?" आणि कॉल संपल्यावर खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटते. त्यापेक्षा सकाळी शाळेच्या आधी पाच मिनिटं साधा फोन आणि रात्री लेकीची सुनावणी, इतकं पुष्कळ झालं. ग्रुपवरच्या शुभेच्छा दिवसभर येत राहतील. त्या संध्याकाळी एकदमच वाच. फाइल तपासताना मध्ये मध्ये वाचलेल्या शुभेच्छा अंगी लागत नाहीत.

आता तुझा दुसरा प्रश्न. मला तो पहिल्यापेक्षा मोठा वाटतो, कारण वाढदिवस एक दिवसाचा आणि दौरे वर्षभराचे.

बहुतेक लोक सांगतील की संध्याकाळी बाहेर पड, गाव बघ. माझं मत उलटं आहे. दौऱ्यावरची संध्याकाळ आपली नसतेच. समोरची माणसं पाच वाजता कागद आणून देतात, साहेबांचा फोन सात वाजता येतो आणि आठ वाजता अंगात त्राण नसतं. मग "गावाला येऊन काहीच पाहिलं नाही" ही रुखरुख आणखी वर. आपली असते ती सकाळ. गाडी साडेआठला येणार असेल तर पावणेसातला खाली उतर आणि पाऊण तास चाल. उजेड असतो, रस्त्यावर माणसं असतात, एकट्या बाईला ते जास्त सोयीचंही पडतं. रिसेप्शनवर सांगून जा, म्हणजे झालं. गाव जागं होताना जितकं खरं दिसतं तितकं नंतर दिवसभर दिसत नाही. शटर वर जातात, झाडलोट चाललेली असते, पोरं डोळे चोळत शाळेच्या गाडीची वाट बघत असतात. तुझ्या लेकीचं मांजरही याच वेळी सापडण्याची शक्यता जास्त.

यात एक युक्ती आहे. रोज नवी जागा शोधू नकोस. एकच जागा धर आणि तिथेच परत परत जा. पहिल्या दिवशी तू गिऱ्हाईक असतेस. दुसऱ्या दिवशी तिथला माणूस मान हलवतो. तिसऱ्या दिवशी विचारतो, "आज उशीर?" परक्या गावात कुणाच्या तरी लक्षात आलं की आज आपल्याला उशीर झाला! दोन आठवड्यांच्या दौऱ्यात हे सहज जमतं, आणि ऑडिटवाल्या मॅडम सोडून तू आणखी कुणीतरी होतेस.

अनोळखी माणसांशी बोलायचा कंटाळा येत असेल तर एक ऐक. शिकागोतल्या संशोधकांनी २०१४ साली लोकल ट्रेन आणि बसने रोज जाणाऱ्या लोकांवर प्रयोग प्रसिद्ध केले. काहींना शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. गप्प बसलेला प्रवास जास्त सुखाचा होईल, असा लोकांचा अंदाज होता. झालं उलटं, बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त बरा गेला. मी हे कारखान्यातही वापरायला सांगेन. चेकलिस्ट संपली की यादीत नसलेला एक प्रश्न विचार. "या मशीनचा आवाज घरी गेल्यावर कानात राहतो का हो?" ज्याने सकाळपासून तुला फक्त "हो मॅडम, नाही मॅडम" केलंय, तो माणूस एकदम बोलायला लागतो. कुठलं मशीन कधी आलं, रात्रपाळीत झोप कशी टाळतात, साहेबांच्या आधीचे साहेब कसे होते. त्यातलं काही रिपोर्टमध्ये जाणार नाही, न जाऊ दे.

खोलीबद्दल थोडं सांगते, कारण तुझं ते रडकं चित्र खोलीतलंच आहे. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हा मनाचा खेळ नाही. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांना २०१६ साली असं दिसलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकसारीक आवाजाला जास्त दाद देतो. पहारा ठेवतो म्हण ना. तेव्हा पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळी जग भकास वाटलं तर त्यावरून आयुष्याबद्दल काही ठरवू नकोस. आणि शक्य असेल तर मुक्कामाचं हॉटेल मंगळवारी बदलू नकोस, नाहीतर वाढदिवस नेमका त्या अर्धवट झोपेवर यायचा.

खोलीत शिरल्या शिरल्या लॅपटॉप उघडायचा नाही. आधी वीस मिनिटं खोली आपली करायची. बॅग पलंगावरून उतरवायची, कपडे कपाटात लावायचे, घरून आणलेला उशीचा अभ्रा चढवायचा. हॉटेलचे पडदे मधोमध कधीच नीट मिटत नाहीत. बोटभर फट राहते आणि बाहेरचा दिवा बरोबर डोळ्यांवर येतो. कपाटात पॅंट अडकवायचं चिमट्याचं हँगर असतं ना, ते घेऊन दोन्ही पडद्यांच्या कडा एकावर एक आणायच्या आणि चिमटे लावून टाकायचे. पहिल्यांदा हे केलं की इतका विजयी आनंद होतो की काय सांगू. टेबल भिंतीकडे तोंड करून असेल तर खुर्ची फिरवून खिडकीकडे घे. आणि रात्रीचं जेवण त्या टेबलावर, त्या लॅपटॉपशेजारी नको. एकटी असलीस तरी खाली जाऊन जेव.

सगळं एकाच दौऱ्यात करायला जाऊ नकोस, नाहीतर आनंदाचीही चेकलिस्ट होईल आणि तुझ्या स्वभावाला ते फार सोपं आहे. सकाळचं चालणं आणि खोलीची वीस मिनिटं, एवढ्यावर भागलं तरी चालेल. एखाद्या दिवशी काहीच करावंसं वाटलं नाही तर नऊला झोपून जा. तेही सुखच आहे. घरी तुला नऊला कोण झोपू देतं?

दौरे लांबतात, त्याला कुणाचाच इलाज नसतो. सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये साधारण आठ दिवसांच्या कामासाठी अंतराळ स्थानकावर गेल्या, यानात बिघाड निघाले आणि मुक्काम २८६ दिवसांचा झाला. १९ सप्टेंबरचा वाढदिवसही तिथेच आला. ते स्थानक साधारण दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं, म्हणजे दिवसाला सोळाएक सूर्योदय. यातला नेमका कुठला वाढदिवसाचा धरायचा, हे त्यांनी कसं ठरवलं असेल कोण जाणे! तुला निदान एकच सूर्योदय आहे, आणि तो बघायला पावणेसातला खाली उतरायचं आहे.

हे सगळं करूनही दौरे नकोसेच वाटत राहिले, घरी असतानाही कशात मन लागेना, झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली राहिली, तर मग प्रश्न छोट्या आनंदांचा नाही. समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेट, टाळू नकोस. पण तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही. "नवं गाव, नवी माणसं" असं लिहिलंयस, त्यात अजून जीव आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. तुमच्या ऑडिटचा वार्षिक आराखडा वर्षाच्या सुरुवातीला ठरतो आणि एकदा मंजूर झाला की त्यातली तारीख हलवणं म्हणजे दहा जणांना मेल. यंदा वाढदिवस बुधवारी आहे, म्हणजे पुढच्या वर्षी गुरुवारी येईल, आणि मध्ये २९ फेब्रुवारी पडला तर शुक्रवारी. शुक्रवार असेल तर जोडून शनिवार-रविवारही मिळेल. तेव्हा आराखडा मंजुरीला जायच्या आधीच साहेबांना गाठ आणि त्या आठवड्यात तुझ्या नावापुढे कुठलंच गाव लिहिलेलं नाही ना, ते बघून घे.

तुझी,
ताई